सर पॉल चेटर आणि हॉरमसजी मोदी : समुद्रात जमीन उभी करणारे दोन भागीदार

दर्याकिनारी

हाँगकाँगच्या सेंट्रल भागात चेटर रोड, चेटर गार्डन आणि चेटर हाउस जवळजवळ एकमेकांना लागून आहेत. बंदर ओलांडून कौलूनला गेलं की त्सिम शा त्सुईत मोदी रोड लागतो. सर कॅचिक पॉल चेटर कलकत्त्यात जन्मलेले अर्मेनियन, तर सर हॉरमसजी नवरोजी मोदी मुंबईचे पारशी. दोघं भागीदार होते. आपल्याकडे हाँगकाँगचा इतिहास निघाला की गाडी अफूच्या युद्धावरून थेट १९९७ च्या चीनकडच्या हस्तांतरावर जाते आणि ही माणसं वाटेतच राहून जातात. मला ती फार महत्त्वाची वाटतात, म्हणून हा धागा.

चेटर यांचं वर्णन बहुतेक ठिकाणी 'जमिनी घेऊन श्रीमंत झालेला दलाल' असं येतं. ते खोटं नाही, पण त्यांचं मोठं कसब मला दुसरीकडे दिसतं. ज्यांची तोंडं चार दिशांना आहेत अशा मालकांकडून एका करारावर सह्या मिळवणं, हे त्यांना जमलं. पैसा इतरांकडेही होता, हे मात्र कुणाला जमलं नव्हतं.

आधी माणूस. जन्म १८४६. आईवडील लहानपणीच गेले. शिक्षण कलकत्त्याच्या ला मार्टिनियर शाळेत झालं. १८६४ मध्ये, अठराव्या वर्षी, हाँगकाँगला बहिणीकडे आले आणि 'बँक ऑफ हिंदुस्तान, चायना अँड जपान' या बँकेत कारकून म्हणून लागले.

ही वेळ लक्षात घ्या. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिकडचा कापूस अडला होता आणि मुंबईत कापसाच्या पैशावर शेअरबाजार बेभान झाला होता. प्रेमचंद रायचंद यांचा तो काळ. बॅक बेमध्ये भराव घालणाऱ्या कंपनीचे शेअर हातोहात खपत होते. १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापूस कोसळला, पाठोपाठ मे १८६६ मध्ये लंडनची ओव्हरएंड गर्नी ही पेढी बुडाली. तिच्या धक्क्याने पूर्वेकडच्या बँका पटापट बंद पडल्या आणि चेटर यांची बँकही त्यात गेली. त्या सुमारास, विशीत, त्यांनी नोकरी सोडून स्वतंत्र हुंडणावळ दलाली, म्हणजे परकीय चलनाच्या अदलाबदलीची दलाली, सुरू केली. त्यात ससून घराण्याचा हातभार होता. दलालीबरोबर स्वतःच्या खात्यावर सोनं आणि जमीन यांचेही व्यवहार ते करू लागले.

मोदी त्यांच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे. ते १८६० च्या सुमारास मुंबईहून आले, आधी भारतीय सावकारांच्या पेढीत नोकरी केली, मग स्वतःचा अफूचा धंदा काढला. १८६८ मध्ये 'चेटर अँड मोदी' ही भागीदारी झाली.

त्यांची नजर सुरुवातीपासून कौलूनवर होती. हा भाग १८६० मध्येच ब्रिटिशांकडे आला होता आणि हाँगकाँग बेटावरच्या मोठ्या व्यापाऱ्यांना त्यात फारसा रस नव्हता. तिथलं पाणी मात्र खोल होतं. मोठी जहाजं थेट धक्क्याला लागू शकली तर पडावांतून माल उतरवण्याचा खर्च वाचतो, हा साधा हिशोब. चेटर यांनी तिथे जमिनी घेतल्या आणि १८८६ मध्ये जार्डिन मॅथिसन कंपनीला बरोबर घेऊन 'हाँगकाँग अँड कौलून व्हार्फ अँड गोडाउन कंपनी' काढली. आजचं हार्बर सिटी हे खरेदी संकुल त्याच धक्क्यांच्या जागी उभं आहे.

आता मुख्य गोष्ट, प्रायाच्या भरावाची. हाँगकाँग बेट म्हणजे समुद्रातून सरळ वर गेलेला डोंगर. सपाट जमीन जवळपास नाहीच. किनाऱ्यालगतच्या रस्त्याला तिकडे प्राया म्हणत. तिथले भूखंडधारक आपापल्या धक्क्यापुढे थोडा थोडा समुद्र बुजवत राहायचे, त्यामुळे किनारा वेडावाकडा झाला होता, गटारं जागोजाग अडत आणि भरतीला घाण परत येई. १८५० च्या दशकात गव्हर्नर बाउरिंग यांनी सलग बांध घालण्याची योजना आणली होती. डेंट कंपनीसारख्या बड्या व्यापाऱ्यांनी ती हाणून पाडली. आपल्या दारातला समुद्र सरकारच्या ताब्यात जाईल, ही त्यांची भीती.

तीस वर्षांनी, १८८७ मध्ये, चेटर यांनी तोच प्रश्न हाती घेतला, पण मांडणी बदलली. भरावाचा खर्च किनाऱ्यावरच्या भूखंडधारकांनी आपापल्या दर्शनी लांबीच्या प्रमाणात द्यायचा. त्या बदल्यात समोर तयार होणारी बांधकामायोग्य जमीन त्यांनाच मिळायची. सरकारला रुंद रस्ता, नीट गटारं आणि वाढीव भुईभाडं. बाउरिंग यांच्या वेळी जे लोक अडवायला उभे होते, त्यांचा फायदाच आता भराव होण्यात होता. चेटर यांनी एकेका मालकाला गाठलं, संमती मिळवली आणि लंडनच्या वसाहत खात्याकडेही पाठपुरावा केला. १८८९ मध्ये योजना मार्गी लागली, एप्रिल १८९० मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि काम पुरं व्हायला नव्या शतकाची पहिली काही वर्षं लागली. सुमारे २ मैल लांब, २५० फूट रुंद पट्टा. म्हणजे साठेक एकर नवी जमीन. जुना प्राया आत गेला आणि डेव्हू रोड झाला, नव्या किनाऱ्याला कॅनॉट रोड नाव पडलं. चेटर रोड याच भरावावर आहे.

दरम्यान, मार्च १८८९ मध्ये जार्डिन मॅथिसनच्या जेम्स जॉनस्टन केस्विक यांच्यासोबत चेटर यांनी 'हाँगकाँग लँड' ही जमीन कंपनी स्थापन केली. भांडवल ५० लाख डॉलर. १८९९ ची क्वीन्स बिल्डिंग, १९०४ ची प्रिन्सेस बिल्डिंग आणि अलेक्झांड्रा बिल्डिंग या भरावावर उभ्या राहिल्या. क्वीन्स बिल्डिंग पाडून त्या जागी १९६३ मध्ये मँडरिन हॉटेल आलं. हाँगकाँग इलेक्ट्रिकही १८८९ चीच. वान चायच्या वीजगृहातून १ डिसेंबर १८९० ला पहिले पथदिवे लागले. हे वीजगृह जिथे होतं तिथल्या गल्ल्यांची नावं आज सन स्ट्रीट, मून स्ट्रीट, स्टार स्ट्रीट आहेत. याखेरीज डेअरी फार्म ही दूध कंपनी आणि टोंकिनमधल्या (आजचा उत्तर व्हिएतनाम) होंगायच्या कोळसा खाणी होत्याच. कोळसा आपला, वीज आपली, धक्का आपला, इमारत आपली, अशी ती साखळी होती.

विधान परिषदेत १८८७ ते १९०६, कार्यकारी मंडळात १८९६ पासून अखेरपर्यंत. १९०२ मध्ये 'सर'. मे १९२६ मध्ये वारले.

प्रश्न विचारा, भर घाला. मोदींबद्दल मी मुद्दाम कमी लिहिलं आहे, ते प्रतिसादांत येऊ द्या.

---

हुंडीवाला

धागा उत्तम. मी बँकेत परकीय चलन विभागात नोकरी केली आहे, म्हणून 'हुंडणावळ दलाल' या धंद्याबद्दल थोडं सांगतो. चेटर यांची मुळं तिथे आहेत आणि तो भाग नेहमी एका ओळीत उरकला जातो.

हाँगकाँग, शांघाय, भारत सगळे चांदीवर चालत. लंडन सोन्यावर. चहा-रेशीम निर्यात करणाऱ्याच्या हातात पौंडांची हुंडी येई आणि त्याला माल घ्यायला चांदीचे डॉलर लागत. कापड आयात करणाऱ्याची गरज उलटी. बँका दोघांच्या मध्ये उभ्या. दलाल रोज सकाळी बँकाबँकांतून फिरून कोण किती पौंड घ्यायला तयार आहे आणि कोणत्या भावाने, हे जाणून सौदे जुळवत असे. टपालाची बोट सुटायच्या आधीचा दिवस तर नुसती धावपळ. १८७१ मध्ये समुद्राखालची तार आली आणि लंडन-मुंबईचा भाव तिथे त्वरित कळू लागला.

मग १८७३ नंतर चांदी घसरली. जर्मनीने सोन्याची कास धरली, चांदी बाजारात ओतली गेली. १८७० च्या सुरुवातीला चार शिलिंगांच्या वर असलेला हाँगकाँगचा डॉलर शतक संपेपर्यंत दोन शिलिंगांवर आला. ज्याने पौंडात कर्ज काढलं होतं तो चिरडला गेला. ज्याची मिळकत तिथेच होती आणि देणीही डॉलरमध्येच होती, तो त्यामानाने सुरक्षित राहिला. रोज हा भाव हाताळणाऱ्या दलालाला ही गोष्ट इतरांच्या आधी उमगली नसती तरच नवल. जमिनीकडे वळणं मला या दृष्टीने फार विचारपूर्वक केलेलं वाटतं.

---

प्रश्नचिन्ह

दोन शंका.

एक, जमीन 'मालकीची' होती का? हाँगकाँगमध्ये सगळी जमीन सरकारची असते ना?

दोन, आणि ही जास्त टोचणारी. माणूस विधान परिषदेत, भरावाची योजना त्याचीच, आणि योजना मार्गी लागते त्याच वर्षी त्याची जमीन कंपनी निघते. याला आज आपण काय म्हणू?

---

दर्याकिनारी

पहिल्याचं उत्तर: होय, भाडेपट्टा. सेंट जॉन्स कॅथीड्रलची जागा हा एकमेव अपवाद सोडला तर हाँगकाँगमध्ये पूर्ण मालकीची जमीन नाही. पण पट्टे लांब असत, त्या काळातले कितीतरी ९९९ वर्षांचे. असे पट्टे नव्याने देणं १८९८ च्या सुमारास थांबलं. त्यामुळे चेटर यांच्या काळात पट्टा आणि मालकी यांत व्यवहारात फरक उरत नसे.

दुसऱ्याचं: हितसंबंधांचा संघर्ष. दुसरा शब्द मला सुचत नाही आणि मी तो सौम्यही करणार नाही. वसाहतीच्या विधान परिषदेत बिनसरकारी सदस्य म्हणून व्यापारीच बसवले जात, म्हणजे हा संघर्ष रचनेतच होता. चेटर यांच्या बाजूने इतकंच म्हणता येतं की योजना जाहीर होती आणि किनाऱ्यावर जागा असलेल्या प्रत्येकाला त्याच अटी लागू होत्या. गुप्तपणे जमिनी हडपण्याचा हा प्रकार नव्हता. पण नवी जमीन कुठे आणि केव्हा तयार होणार, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, हेही तितकंच खरं.

यात चिनी रहिवाशांचा आवाज जवळजवळ नव्हता. १९०४ मध्ये पीक टेकडीवर चिनी लोकांना राहायला बंदी करणारा कायदा झाला, तेव्हा चेटर कार्यकारी मंडळात होते. ते स्वतः ब्रिटिश नव्हते, भारतात जन्मलेले अर्मेनियन होते, आणि तरी त्या व्यवस्थेत इतके वर गेले. त्या वर जाण्याची ही किंमत मला खुपते.

---

पूर्वेकडे

मी कौलूनमध्ये राहते. मोदींबद्दल भर घालते.

हाँगकाँग विद्यापीठाची कल्पना गव्हर्नर लुगार्ड यांची. सरकारकडे पैसा नव्हता, लंडनला उत्साह नव्हता. १९०८ मध्ये मोदींनी इमारतीसाठी दीड लाख डॉलर देऊ केले आणि तिथून चक्रं फिरली. १६ मार्च १९१० ला कोनशिला बसली, त्याच समारंभात त्यांना 'सर' किताब मिळाला. जून १९११ मध्ये ते गेले. विद्यापीठ मार्च १९१२ मध्ये सुरू झालं. म्हणजे ज्या इमारतीसाठी त्यांनी इतका जीव लावला ती सुरू झालेली त्यांनी पाहिली नाही. लाल विटांची ती मुख्य इमारत आजही वापरात आहे. कौलून क्रिकेट क्लबलाही त्यांचा पैसा होता.

पारशी मंडळी हाँगकाँगच्या पायाभरणीत किती खोलवर होती, हे इथल्या भारतीयांनाही ठाऊक नसतं. १८६४-६५ मध्ये हाँगकाँग-शांघाय बँक उभी राहिली तिच्या पहिल्या समितीत पालनजी फ्रामजी आणि रुस्तमजी धनजीशा होते. शेजारी आर्थर ससून, म्हणजे बगदादी ज्यू, त्यांचंही घराणं मुंबईत वाढलेलं. स्टार फेरीची सुरुवात दोराबजी नवरोजी मिठाईवाला यांनी केली. हॅपी व्हॅलीतलं पारशी दफनस्थान १८५२ पासूनचं आहे, मोदी तिथेच विसावले आहेत.

---

जुनं_बाड

चांगली माहिती. पण अफूवरून एका वाक्यात पुढे जाऊ नये, ही विनंती. मोदींचा पहिला पैसा अफूचा. ती अफू माळव्यातून मुंबई बंदरात यायची आणि तिथून चीनला जायची. मुंबईतल्या कितीतरी देणग्या, रुग्णालयं, शाळा त्याच पैशावर उभ्या आहेत. जमशेटजी जिजीभाईंचं नाव आपण आदराने घेतो, घ्यावंही, पण ग्वांगझूच्या ज्या घरांत ती अफू पोचली त्यांचा हिशोब कुठल्याच कोनशिलेवर नाही.

---

दर्याकिनारी

जुनं_बाड, पूर्ण सहमत. मला हे आणखी एका कारणासाठी सांगावंसं वाटतं. त्या काळात तो धंदा कायदेशीर होता, एवढं म्हणून लोक थांबतात. हाँगकाँग सरकारचंही उत्पन्न अफूच्या मक्त्यावर अवलंबून होतं. पण अफू वाईट आहे हे तेव्हाही लोक ओरडून सांगत होते, चीनमध्येही आणि इंग्लंडमध्येही. मोदींना ते ऐकू आलं नसेल, असं मला वाटत नाही. विद्यापीठ खरं, आणि अफूही खरी. एकाने दुसरं पुसलं जाऊ नये.

---

लेखणी_दौत

मुंबईचा बॅक बे आणि हाँगकाँगचा प्राया यांची तुलना करावीशी वाटली. दोन्हीकडे समुद्र बुजवणं, दोन्हीकडे व्यापारी. मग १८६५ मध्ये मुंबईची कंपनी का बुडाली आणि ही योजना का तरली?

---

हुंडीवाला

माझ्या समजुतीप्रमाणे मुख्य फरक पैसा कुठून आला याचा. मुंबईत जमीन तयार होण्याआधीच शेअर विकले गेले, आणि ज्यांनी घेतले त्यांना जमीन नको होती, पुढच्याला चढ्या भावाने शेअर विकायचा होता. कापूस पडला तसा पुढचा गिऱ्हाईक नाहीसा झाला आणि समुद्र जागच्या जागी राहिला. प्रायात पैसा देणारा माणूस तोच, ज्याच्या गोदामापुढे जमीन तयार होणार होती. त्याला ती हवीच होती. काम तुकड्या-तुकड्यांनी झालं, त्यामुळे एक तुकडा रखडला तरी सगळं कोसळत नव्हतं.

---

दर्याकिनारी

याला एक जोड. वर्षंही मदतीला आली. बॅक बे कंपनीला तेजी टिकण्याची गरज होती, आणि तेजी पाचेक वर्षांत संपली. प्रायाचं काम १८९० पासून दशकभराहून जास्त चाललं. मधे १८९४ चा प्लेग आला, ताइपिंगशानची वस्तीच्या वस्ती पाडावी लागली, लोक शहर सोडून गेले. तरी काम पूर्ण झालं, कारण ते कुणाच्या तीन महिन्यांच्या नफ्यावर टांगलेलं नव्हतं.

आणि जिथे संमती मिळाली नाही तिथे चेटर यांचीही मात्रा चालली नाही. मधला किनारा नौदल आणि लष्कराच्या ताब्यात होता, ते हलायला तयार नव्हते. त्यामुळे भराव नौदलाच्या गोदीच्या पश्चिमेला झाला आणि सेंट्रल आणि वान चाय यांच्यात कित्येक दशकं खिंडार राहिलं. वान चायचा भराव १९२१ ला सुरू होऊन १९३१ च्या सुमारास संपला, चेटर यांच्या मृत्यूनंतर.

---

प्रश्नचिन्ह

उत्तरं आवडली, आभार. त्यांच्या घराचं आणि संपत्तीचं पुढे काय झालं?

---

पूर्वेकडे

घर कॉन्ड्युइट रोडवर होतं, मार्बल हॉल. संगमरवर युरोपातून आणलेला. मृत्युपत्राने ते आणि चिनी भांड्यांचा, चित्रांचा संग्रह हाँगकाँग सरकारला गेला. पत्नी मारिया १९३५ मध्ये वारल्यावर सरकारने घर ताब्यात घेतलं. जपानी ताब्याच्या काळात संग्रह उधळला गेला. चारशेहून अधिक चित्रांपैकी शंभराच्या आतच उरली, ती आता हाँगकाँगच्या कला संग्रहालयात आहेत. चीनच्या किनाऱ्यावरची जुनी बंदरं त्यांत दिसतात, छायाचित्रणाच्या आधीची, म्हणून हे नुकसान मोजता येण्यासारखं नाही. घर १९४६ मध्ये जळालं.

कलकत्त्याच्या ला मार्टिनियरला आणि तिथल्या अर्मेनियन चर्चलाही त्यांनी मोठी रक्कम ठेवली. शाळा त्या वेळी आर्थिक अडचणीत होती, त्या पैशाने ती सावरली.

---

लेखणी_दौत

चेटर यांच्या नावाने इतकं काही, आणि मोदी एका रस्त्यापुरते. भागीदार असून असं का?

---

दर्याकिनारी

मला तीन गोष्टी दिसतात. चेटर मोदींनंतर पंधरा वर्षं जगले आणि अखेरपर्यंत कार्यकारी मंडळात आणि घोड्यांच्या शर्यतींच्या क्लबाच्या अध्यक्षपदी राहिले, म्हणजे रोज लोकांसमोर. त्यांनी काढलेल्या कंपन्या, हाँगकाँग लँड, हाँगकाँग इलेक्ट्रिक, आजही चालू आहेत आणि त्या आपला इतिहास लिहितात तेव्हा संस्थापकाचं नाव येतंच. 'चेटर अँड मोदी' मात्र भागीदारी होती, ती माणसांबरोबर संपली. आणि मोदींनी आपलं मोठं दान ज्या संस्थेला दिलं तिच्या नावात ते नाहीत.

मिठाईवाला आणि स्टार फेरीवर 'पूर्वेकडे' यांनी वेगळा धागा काढावा, असं मला मनापासून वाटतं. १८८८ च्या कौलून फेरी कंपनीपासून १८९८ मध्ये ती विकली गेली तिथपर्यंतची गोष्टही शेवटी याच धक्क्यांवर येते, कारण विकत घेणारी होती चेटर यांची व्हार्फ कंपनी.

---

पूर्वेकडे

काढते. पारशी दफनस्थानाबद्दलही त्यातच लिहीन.